पन्नास लिटरची हलकी बॅग

कोलार रोड, भोपाळ
१९ मे २०२५

प्रिय विनिताताई,
सप्रेम नमस्कार.

जानेवारीत मी तुमचा फोन मध्येच ठेवून दिला, त्यानंतर आपण बोललो नाही. आता फोन केला तर पुन्हा तसंच होईल, म्हणून लिहितेय. आईंची तब्येत बरी आहे. गुडघे दुखतात, पण ऊन उतरलं की खाली बाकावर जाऊन बसतात. इथे कूलर लावूनही दुपारी घरात बसवत नाही. तुमच्याकडे नागपुरात याहून वाईट असेल.

एक विचारायचं आहे, आणि विचारावं असं दुसरं माणूस मला नाही. तुम्ही इतकी वर्षं कॉलेजच्या मुलांना हिमालयात नेलंत, तुमच्या भावाला, समीरलाही पहिल्यांदा तुम्हीच नेलंत. ट्रेकिंगची हलकी बॅग खरोखर किती वजन पेलते, हे जाण्याआधी कसं ओळखायचं?

मी जूनमध्ये हिमाचलात किन्नौरला जातेय. सप्टेंबरच्या वादळात समीर ज्या खिंडीखाली हरवला, तिथला बर्फ जूनच्या मध्यावर वितळतो. तेव्हा शोध घ्यायला गेलेले वाटाडे नेगीजी या वेळी दोन माणसं घेऊन माझ्याबरोबर वर यायला तयार आहेत. खेचरं शेवटच्या कुरणापर्यंतच जातात, पुढे नुसते दगड. तंबू, दोर, स्टोव्ह ते उचलतील, माझं सामान मीच. ‘मैडम, दस किलो से ऊपर मत लाना,’ असं त्यांनी मला बजावलंय.

बॅग पन्नास लिटरची आहे. रिकामी असताना एका बोटावर टांगता येते. चिठ्ठीवर ‘पंधरा किलोपर्यंत’ असं छापलंय. मी आपली लिटर बघूनच खूश होते. लिटर म्हणजे आत किती मावतं एवढंच, हे भरून पाहिल्यावर कळलं. रोज सकाळी तांदळाच्या पिशव्या आणि पाण्याच्या बाटल्या भरते आणि शाहपुरा तलावाला फेरी मारते. लोक वळून बघतात. नऊ किलोला बॅग शहाण्यासारखी बसते. बाराच्या पुढे गेलं की कमरेचा पट्टा हाडावरून वर सरकतो आणि सगळा भार खांद्यांवर येतो. खांद्याच्या पट्ट्याखाली तळवा सहज सरकला पाहिजे, असं तुम्ही समीरला सांगत होतात. माझा सरकत नाही. पाठीकडचा फोम दुमडून मणक्यात रुततो, घरी येईपर्यंत डावा हात बधिर झालेला असतो. बॅग फाटणार नाही, एवढंच ते पंधरा किलो सांगत असावेत. ती घेऊन माणूस चालेल की नाही, ते नव्हे.

तांदूळ काढून खरं सामान भरलं तर ते सोळा किलो झालं. त्यात थोडं जास्तीचं आहे. मग काढत काढत दहावर आणलं.

इथेच पत्र संपवणार होते. पण परवाचं तुम्हाला सांगायला हवं.

परवा मी भरलेली बॅग घेऊन मुद्दाम जिन्याने चढत होते. तिसऱ्या मजल्याजवळ खांद्याचा एक पट्टा शिवणीतून उसवला, बॅग एकीकडे ओढली गेली आणि तिच्यासकट मी खालच्या वळणापर्यंत घसरत आले. फार लागलं नाही, मनगट सुजलंय. पण बॅग अंगावर असताना मला उठताच येईना. शेवटी वॉचमनने हात देऊन घरी आणून सोडलं.

पट्टा शिवायला आईंनी घेतला. त्यासाठी बॅग रिकामी करावी लागली. मी स्वयंपाकघराच्या दारातून बघत होते. त्यांनी एकेक वस्तू काढून पलंगावर ठेवली. समीरचं जाड जॅकेट. त्याची स्लीपिंग बॅग. लोकरीचे मोजे, जादा चष्मा, रक्तदाबाच्या गोळ्या. त्याचे बूट. त्याला आवडते त्या शेवेचं पाकीट. मला वाटलं, आता रडतील किंवा मला वेडी म्हणतील. त्यांनी हात घालून तळापर्यंत चाचपलं आणि विचारलं,

“यात तुझं काय आहे?”

मी म्हटलं, स्वेटर आहे, वाटेतलं खाणं आहे.

“आणि झोपायचं? खाणं किती दिवसांचं?”

खाणं वर पोचेपर्यंतचं होतं. त्यांना ते बघूनच समजलं.

ताई, मी ठरवून काही केलं नव्हतं. दहा किलोत बसवायचं तर काहीतरी काढायला हवं होतं, आणि त्याच्या वस्तूंकडे हात जात नव्हता. तो कुठे आडोशाला गारठून बसलेला असेल, त्याला जॅकेट लागेल, असं म्हणत राहिले. आठ महिने बर्फात कोणी बसून राहत नाही. मी शाळेत विज्ञान शिकवते, हे मला कोणी सांगायला नको. तरी रोज माझीच एखादी वस्तू कमी करत गेले. आधी स्लीपिंग बॅग, मग कोरडे कपडे, मग परतीचं खाणं. कमी करताना वाईट वाटत नव्हतं. उलट जरा सुटल्यासारखं वाटायचं. तेच तर मला आता भीतीचं वाटतंय.

आई शिवत राहिल्या. सुईत दोरा ओवायला मला हाक मारली. ओवून दिला, तेव्हा मान वर न करता म्हणाल्या,

“जाऊ नको म्हणणार नाही मी. पण मला दोघांपैकी एक परत हवं आहे.”

ताई, तुम्ही या. अडवायला नका येऊ, माझी बॅग भरायला या. मी भरली तर पुन्हा तशीच भरेन.

तुमच्यावर रागावलेली, तरी तुमचीच वाट बघणारी,
अश्विनी

*

किन्नौर
२४ जून २०२५

प्रिय ताई,
सप्रेम नमस्कार.

नेगीजींच्या घरी आहे. पायांना फोड आलेत. ते भरेपर्यंत त्यांची बायको मला सोडत नाही. काल फोन लागला तेव्हा आईंना ‘उतरले’ एवढंच सांगितलं. त्यांनी पुढचं विचारलं नाही. त्यांना तुम्ही नागपूरला घेऊन गेलात म्हणून निदान ती काळजी नाही. बाकीचं तोंडाने बोलता येत नाही, ते लिहिते. कोणी खाली निघालं की त्याच्याबरोबर पत्र पाठवीन.

तुम्ही भरलेली बॅग कमरेवर नीट बसली. माझं जॅकेट काढून समीरचं मला घालायला दिलंत, तेव्हा मी तुमच्याशी भांडले होते. वर त्यातच झोपले.

खिंडीखाली दगडांत त्याच्या तंबूची एक काठी मिळाली आणि निळी मॅट. पुढे सगळा उतार बर्फासकट घसरून खाली आलेला आहे. तो त्याच्या आत आहे, असं नेगीजींनी मला सरळ सांगितलं. तरी त्यांच्या माणसांनी दोन दिवस खणलं, मीही खणलं. खाली दगडासारखा बर्फ, कुदळ वाजायची नुसती.

तिसऱ्या दिवशी निघायचं म्हणाले. मी म्हटलं, तुम्ही जा, मी राहते. परतीचं खाणं तुम्ही वेगळं बांधून दिलं होतंत, ते सगळं त्या माणसांपुढे ठेवलं. त्यांनी हात लावला नाही. नेगीजी समोरच्या दगडावर बसून राहिले, घाई केली नाही, समजावलं नाही. ऊन वर आलं. मला भूक लागली होती, ताई. तो तिथे खाली असताना मला भूक लागली. मी तुमचं सातूचं पीठ कालवलं आणि गुळाबरोबर सगळं खाल्लं. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नसेल. पण खाल्ल्यावर उठता आलं.

मॅट आणली नाही. तिथेच दगडांखाली नीट ठेवली.

जानेवारीत तुम्ही म्हणत होतात तो, देह मिळाला नाही तर दर्भाचा पुतळा करून दहन करायचा विधी गुरुजींना विचारून ठरवा. मी बसेन त्याला. तेव्हा तुम्हाला बोलले ते मनात धरू नका.

पाय टेकवता आले की निघेन, सरळ नागपूरलाच येईन. स्टेशनवर कोणी येऊ नका, आईंना आत राहू द्या. दार तुम्ही उघडा आणि मला थोडा वेळ तुमच्याजवळ बसू द्या. त्याशिवाय मला त्यांच्यासमोर उभं राहता येणार नाही.

एकटीच येणारी,
अश्विनी