उन्हावर उपरणं

उचगाव, मंगळवार, रात्र

आज माझ्याच हातानं घोळ झाला. तळ्यावर हिरवं शेवाळ दाटलंय. त्याचं विष उकळूनही जात नाही, म्हणून कॉलेजात संशोधन करणाऱ्या पुतणीनं, सुमननं, देवळाच्या गच्चीवर काचेच्या ट्रेमध्ये गाळलेलं पाणी ठेवलं होतं. ट्रेच्या तळाला लेप आहे. त्यावर ऊन पडलं की विष मोडतं म्हणे. मला फक्त राखण करायची होती. पण पिण्याचं पाणी उघडं कसं ठेवायचं? मी ट्रेवर धुतलेलं उपरणं पसरलं. संध्याकाळी त्यातलंच तांब्याभर तीर्थासाठी खाली आणलं.

सुमननं कपाळाला हात लावला. "आप्पा, उन्हावरच पांघरूण घातलासा की! तीर्थ कुणी घेतलं न्हाय न्हवं?"

"आक्कानं. पळीभर."

आक्का, माझी थोरली बहीण, हसली. "मला काय हुतंय रं? लई तीर्थं पचवल्यात."

सुमन हसली नाही. पळीभरानं बहुधा काही होणार नाही, पण लक्ष ठेवा म्हणाली.

बहुधा. जप करायला बसलो, तर डोळ्यांपुढे तेच उपरणं. पाणी किती नितळ दिसत होतं! आक्का खोकली की उठून बघतो. उद्या उपरणं घरीच ठेवून जाईन.

आत्ताही उठलो होतो. आक्का स्वस्थ आहे. येताना पिण्याच्या पाण्याचा हंडा झाकून आलो.