रिकाम्या हातांचा सातवा माणूस

१५ एप्रिल

चि. भिंगरीस आशीर्वाद, आज जरा हात राखून.

काल, मंगळवार १४ एप्रिल रोजी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी, मी बॅग भरून उपाशीपोटी बसलेली असताना तुझ्या सर्जरी विभागातून एका मुलीचा फोन आला. माझं पित्ताशयाचं ऑपरेशन रद्द. का, तर म्हणे वरून आलंय. वर कोण बसतं? विभागप्रमुख तू. म्हणजे सख्ख्या भाचीनं माझे खडे माझ्याच पोटात ठेवून दिले, आणि ते कळवलं परकीच्या तोंडून.

ऑपरेशनं बंद, तर तुमचे सर्जन दिवसभर करतात काय? टेबलं कुठे ठेवलीत? सगळं लिहून कळव. मास्कमधून तू बोललीस की विहिरीतून बोलल्यासारखं वाटतं.

लोभ तू ठेव, पथ्य मी ठेवतेच आहे.

आत्या

१७ एप्रिल

ती. आत्यास वाकून नमस्कार.

फोन मीच करायला हवा होता. धीर झाला नाही.

तीनपैकी दोन थिएटरांत आता साथीचे अत्यवस्थ रुग्ण आहेत. टेबलं कॉरिडॉरमध्ये चादरी पांघरून उभी आहेत, आणि भूल द्यायच्या यंत्रांवर आम्ही लोकांचे श्वास चालवतो. तिसरं थिएटर फक्त तातडीच्या ऑपरेशनांसाठी. त्याचं दार वेगळं, माणसं वेगळी.

आम्ही सर्जन काय करतो? रुग्णाला पालथं करतो, म्हणजे फुफ्फुसांना जरा मोकळीक मिळते. एकाला सहाजण लागतात. डोक्याशी उभा असलेला श्वासाची नळी धरतो. काल मी थांबा म्हणून ओरडले, पण त्या पोशाखात आणि यंत्रांच्या आवाजात कुणाला ऐकूच गेलं नाही. आमचा हाडांचा डॉक्टर, ज्याला सगळे पैलवान म्हणतात, वळवतच राहिला. नळी निसटता निसटता राहिली.

कळ आली, ताप आला, तर लगेच सांग.

लोभातून मात्र रद्द करू नकोस.

भिंगरी

१९ एप्रिल

चि. भिंगरीस आशीर्वाद, आज पुरेपूर.

तुझं पत्र इस्त्री फिरवून मगच वाचलं. काल कळ आली होती. तुझ्या हॉस्पिटलात सोनोग्राफी करून आले.

एवढे शिकलात आणि जिथे ऐकू येत नाही तिथे ओरडता? आमच्या कॉन्व्हेंटच्या जेवणघरात बोलायची बंदी होती. थोरल्या सिस्टरनी मूठ वर केली की वाढणारीचा चमचासुद्धा हवेत थांबायचा. पंजा उघडला की पुन्हा सुरू. पण त्या स्वतः कधी वाढायच्या नाहीत, म्हणून सगळ्यांची नजर त्यांच्यावर असायची. तुमच्या सहाही जणांचे हात गुंतलेले. मग खूण करणार कोण? सातवा माणूस लागेल, काहीही न करणारा. सर्जन मंडळींत असा कोणी सापडेल का, याचं मला भारी कुतूहल आहे.

कळव, आणि वेळेवर जेव.

आत्या

२२ एप्रिल

ती. आत्यास नमस्कार.

सातवी मीच झाले. नुसतं उभं राहणं किती अवघड असतं, ते आता कळलं. पैलवान म्हणाला, परत शाळेत घातल्यासारखं वाटतंय. पण पहिल्याच मुठीला तो पुतळ्यासारखा थांबला. आता प्रत्येक पाळीत सातवा असतो.

तुझा एक खडा पित्तनळीकडे सरकलाय, त्यामुळे तुझं ऑपरेशन आता तातडीचं. सोमवारी, २७ तारखेला, तिसऱ्या थिएटरमध्ये. माझी सहकारी करील, माझ्यापेक्षा तिचा हात हलका आहे. मला त्या दारानं येता येणार नाही.

बाकी ठीक. कालपासून चहाला वासच नाही, पावडर बदललेली दिसते.

तुझीच,
भिंगरी

२३ एप्रिल

चि. भिंगरीस.

पावडर कोणी बदललेली नाही. वर्तमानपत्र मीही वाचते. दुसऱ्यांच्या नळ्यांवर नजर ठेवतेस आणि स्वतःच्या नाकाकडे बघत नाहीस. आजच्या आज तपासणी करून घे. पुढच्या पाळीला सातवा म्हणून पैलवानाला उभा कर, त्यालाही रिकाम्या हातांची सवय होऊ दे.

शनिवार २५ एप्रिल, संध्याकाळी पाचच्या आत मला लेखी उत्तर हवं. लिहवत नसेल तर कागदावर हात ठेव, बरी असशील तर पंजा, नसशील तर मूठ, आणि कुणाकडून तरी पेन्सिलीनं गिरवून घे. पंजा आला तर सोमवारी मी तुझ्या सहकारिणीपुढे मुकाट्यानं आडवी होईन. मूठ आली किंवा काहीच आलं नाही, तर माझी बॅग उचलून मी साथीच्या रुग्णांच्या त्या दुसऱ्या दाराशी येऊन बसेन, मग खडा कुठेही सरको.

तुझ्या उत्तरावर खिळलेली,
आत्या