चौदाव्या दिवसाचा हट्ट

जेवण झाकून ठेवलंय. गरम करून खा, तेवढं तरी जमेल तुला.

काल जेवताना तू आईंना म्हणालास ना, "मूल कसं होणार, हिच्यातच काहीतरी बिघाड आहे"? म्हणून आज सकाळी मी एकटीच डॉक्टरबाईंकडे जाऊन आले. बिघाड काहीही नाही. माझी पाळी उशिरा येते, म्हणून बीजही उशिरा सुटतं, पुढच्या पाळीच्या साधारण दोन आठवडे आधी. तू मात्र वर्षभर पाळीपासूनचा चौदावा दिवस धरून बसलास आणि तो उलटला की पाठ फिरवून घोरत पडलास. स्राव पातळ, बुळबुळीत होतो तो त्याच्याही बऱ्याच नंतर, हे मी तुला किती वेळा सांगितलं. तू म्हणालास, "औषधांचं दुकान माझं आहे की तुझं?" तुझंच आहे रे बाबा. तिथे तुझा सल्ला घ्यायला येणाऱ्या बायकांची मला आता कीव येते.

डॉक्टरबाईंनी विचारलं, "मिस्टर का नाही आले?" मी म्हटलं, "त्यांना सगळं आधीच कळतं." त्या हसल्या आणि तुझी तपासणी लिहून दिली. कागद फ्रिजवर लावलाय. हसायचं तर हस, पण जा. त्यासाठी आईंची परवानगी लागत नाही.

आणि हो, बाईंच्या मते योग्य दिवस आजचा आणि उद्याचाच आहे.

मी ताईकडे चालले आहे. परवा येईन.