घुबडाने ओ दिली

१४ डिसेंबर २००२

घुबडाचा आवाज टेपवर आला तर देवराईत त्याची वस्ती असल्याचा पुरावा होईल आणि तोड थांबवता येईल, असं पक्षी-नोंदणीच्या प्रशिक्षणात सांगितलंय. म्हणून तिन्हीसांजेला जाऊबाईंना घेऊन गेले. ते घुमलं, मी बटण दाबलं, आणि सवयीने तोंडातून गेलंच, "मेल्या, चल जा!" तेही टेपवर! जाऊबाई म्हणाल्या, "शिव्या द्यायचं प्रशिक्षण घेतलंस काय गो?"

हे गेले त्या संध्याकाळीही ते असंच घुमलं होतं. न्यायला आलं, असं सगळे म्हणाले. मीही मानलं.

आज मात्र पुन्हा शिवी जाऊ नये म्हणून पदर तोंडात धरून बसले. ते पुन्हा घुमलं. पऱ्ह्याच्या पाण्यापलीकडून दुसऱ्याने ओ दिली. म्हणजे न्यायला कुठलं? जोडीदाराला हाक मारत होतं ते.

कॅसेटवर दोघंही आलीत. देवराई राहील बहुतेक. राहू दे. हाकेला ओ मिळतेय तिथे.