ऑर्गन दुरुस्त झाला

१२ जून, दुपार

ती. दादास,

नमस्कार. वहिनीची पाठ आता कशी आहे? इथे आईचे गुडघे कुरकुरतात, पण जिना काही सोडत नाही. परवा तू ऑर्गनचं विचारलंस आणि मी "झाला एकदाचा" म्हणून विषय बदलला. बाबा फोनजवळच बसले होते, म्हणून लिहिते.

तो जुना विजेवरचा ऑर्गन किती घरघरायचा ते तुला माहीतच आहे. या वर्षी तर वरचे दोन सूर मधेच गायब व्हायचे, खरखर सुरू झाली की थांबायची नाही. वाजवताना अडखळले की बाबा म्हणायचे, "बघ, पुन्हा दगा दिला यानं." आम्हीही माना डोलवायचो. शेवटी मीच हट्टानं एक मेकॅनिक शोधून आणला. माणूस तोंडाळ, पण हात हलका.

त्यानं मागची फळी काढली. घरघर होती ती सुकलेल्या कंडेन्सरची, ते बदलले. मग पेन्सिलीनं आतला एकेक काचेचा व्हॉल्व्ह हळूच ठोकत गेला. एकावर टिचकी बसताच स्पीकर घणघणला. "हा बघा चोर," तो म्हणाला आणि त्या जागी नवा बसवला. पट्ट्यांखालचे कॉन्टॅक्ट काळे पडले होते, तेही घासून साफ केले. बाबा शेजारी टॉर्च धरून बसले होते. उजेड सारखा हलत होता. मेकॅनिकनं टॉर्च त्यांच्या हातातून घेतली आणि स्टुलावर टेकवून ठेवली.

संध्याकाळी मेकॅनिकनं ऑर्गन चालू केला. घरघर नाही, खरखर नाही. बाबांनी आईच्या आवडीचं गाणं धरलं. सूर इतका स्वच्छ की अंगावर काटा आला. दुसऱ्याच ओळीत ते चुकले. पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं, पुन्हा तिथेच चुकले. आयुष्यभर सभागृहांत वाजवलेली बोटं, आणि एका पट्टीच्या जागी दोन दाबल्या जात होत्या. आता दोष द्यायला काही उरलंच नव्हतं. आई "गॅस चालू राहिला वाटतं" म्हणत आत गेली.

बाबांनी बटण बंद केलं. मेकॅनिकला म्हणाले, "जुना व्हॉल्व्ह आहे ना? परत बसवून द्या."

तो हसला. मग त्यांच्याकडे बघून थांबला. "बसवतो काका, पण..." म्हणाला आणि हत्यारं पिशवीत भरू लागला.

दादा, डॉक्टरांनी मार्चमध्येच सांगितलं होतं. हाताची थरथर औषधानं थोडी आटोक्यात राहील, जाणार नाही, वाढतच जाईल. बाबांनी मला शपथ घातली, दादाला कळवायचं नाही, आईला तर मुळीच नाही. आईला आता सांगायची गरज उरलेली नाही. मला वाटलं होतं, हात नाही तर निदान ऑर्गन तरी नीट करून द्यावा. काहीतरी करायचं होतं रे मला.

ऑर्गनवर आता चादर घातली आहे. काल मी खोलीत गेले, तर बाबा चादरीवरूनच बोटं चालवत होते. मला पाहून म्हणाले, "धूळ बघत होतो." मी म्हटलं, "हो, बसते फार."

तुला ये म्हणत नाही. मी इथे असून काय करते आहे? फक्त फोनवर बाबांना ऑर्गनचं विचारू नकोस. दुसरं काय विचारावं ते सुचलं तर मलाही कळव. जेवताना आम्ही तिघं एकमेकांकडे फक्त मीठ-लोणचं मागतो.

शपथ मोडलेली,
तुझी धाकटी