तिचं पहिलं भुंकणं

आई, माझी कुत्री गेल्या आठवड्यात गेली. मी कुत्री पाळली होती हेच तुला नवीन. तू जाऊनही आता किती वर्षं झाली. मी शाळेतून निवृत्त झाले, मैलापूरमधलं आपलं भाड्याचं घर पाडून तिथे इमारत झाली, मी दोन गल्ल्या सोडून राहायला आले. लग्न केलं नाही ते नाहीच. या तमिळ शहरात माझ्याशी घरात मराठी बोलायला कुणी उरलं नव्हतं, आणि मग ती आली.

शहराबाहेर, समुद्रकाठच्या कोवलमच्या पुढे कुणीतरी पिल्लं विकायचा धंदा करत होता. पत्र्याची शेड, आत पिंजरे. शेड बंद पडली तेव्हा तिथल्या कुत्र्या लोकांनी दया येऊन घरोघरी नेल्या, त्यातली ही एक. फिक्या पिवळ्या रंगाची लॅब्रॅडॉर, उतारवयाची, सारखी व्यालेली, पोट लोंबलेलं. घरात पाऊल टाकल्याबरोबर ती न्हाणीघरात बादलीमागे जाऊन बसली, ती उठेचना. जिना तिने कधी पाहिला नव्हता. पंखा फिरला की थरथरायची. जनावरांची डॉक्टर माझ्या विद्यार्थिनींच्या वयाची. ती म्हणाली, "टीचर, तिच्याकडे बघू नका, हात पुढे करू नका. जवळ बसा आणि आपलं काम करत राहा. यायचं तेव्हा ती येईल."

"आणि नाहीच आली तर?"

"तर तुम्ही तिथे बसलेल्या असाल ना. ते तिला कळतं."

मग मी न्हाणीघराच्या उंबऱ्याशी पाट घेऊन बसायला लागले, तिच्याकडे पाठ करून. मुरुंगईचा, म्हणजे आपल्या शेवग्याचा, पाला निवडायचा, लसूण सोलायचा, आणि बोलत राहायचं. काय बोलणार? आमटीत गूळ किती घालावा, खालच्या मजल्यावरच्या मामींचे गुडघे कसे दुखतात, असलंच. दहीभाताचा घास मागे सरकवून ठेवायचा. मी उठून गेल्यावरच तो संपायचा. एकदा नळ दुरुस्त करायला प्लंबर आला. वरचा पाइप धरायला त्याने हात उंच केला आणि ती जागच्या जागी मुतली, मान खाली घालून, डोळे मिटून. बिचारा प्लंबर "पावम, पावम", बिचारी गं बिचारी, म्हणत मागे सरला. मी फडकं घेऊन फरशी पुसायला वाकले आणि मला तू दिसलीस.

फाटकाशी स्कूटर थांबते आहे. तू रेडिओ बंद करतेस, ओल्या हातांनी पदर सारखा करतेस. ऑफिसात बाबांचं कुणाशी काय झालं आहे ते त्यांच्या चपला काढण्यावरूनच आपल्याला कळतं. आमटी खारट आहे. ताट भिंतीवर आपटतं, वाटी गडगडत माझ्या पायाशी येते, आणि तू फरशी पुसता पुसता म्हणतेस, "चुकलंच माझं. लक्ष नव्हतं." मी चौथीत असेन. मी ती आमटी चाखून बघितली होती, आई. खारट नव्हती.

कुत्री बाहेर आली ती एका सकाळी, मी पोळ्या लाटत असताना. पोटरीला काहीतरी ओलं लागलं. तिचं नाक. मी वळले नाही. लाटणं चालू ठेवलं, पोळी वेडीवाकडी झाली. पुढचे कित्येक महिने असेच गेले. आधी दार, मग जिना, मग रस्ता. गळ्याला दोर नको म्हणून छातीवरून पट्टा बांधायचा आणि ती थांबेल तिथे थांबायचं. रिक्षा गेली, उभं राहा. बस गेली, उभं राहा. एकदा आम्ही देवळाच्या तळ्यापर्यंत पोचलो होतो आणि समोरून प्रेतयात्रा आली, इथल्या रीतीप्रमाणे ढोल बडवत, फटाके फोडत. तिने अंग टाकून दिलं. तिला उचलून रिक्षातून घरी आणलं तर पुन्हा तीच बादली. मी पुन्हा पाट घेतला. खालच्या मामी म्हणाल्या, "या वयाच्या जनावराला काय शिकवणार तुम्ही?" मी लसूण सोलत राहिले. मला तुझी आठवण येत होती.

बाबा गेल्यावर तू माझ्याकडे आलीस तेव्हा मला वाढून झालं की भिंतीशी उभी राहायचीस. खुर्चीकडे बघून विचारायचीस, "बसू का गं?" मी म्हणायचे, "आई, विचारतेस काय?" आणि तू बसायचीस, पण अगदी कडेवर. मग मी विचारणं थांबवलं, सांगणंही थांबवलं. नुसती तुझ्या शेजारी जेवत राहिले. त्या डिसेंबरात आपण सभेला, म्हणजे इथल्या गाण्याच्या मैफलीला, गेलो. मला गाणं आठवत नाही. मध्यंतरात कॅन्टीनमध्ये वाढप्याने तुझ्यासमोर पान मांडलं आणि तू, जिला साठीपर्यंत कुणी काय हवं विचारलं नव्हतं, तुझ्या मोडक्यातोडक्या तमिळमध्ये त्याला म्हणालीस, "मला बदामाचा हलवा पाहिजे. आणि गरम पाहिजे." पाहिजे! हा शब्द तुझ्या तोंडून मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. नंतर तू स्वतःसाठी लिंबाच्या रंगाचं सुंगुडी, इकडचं ठिपक्याठिपक्यांचं सुती लुगडं आणलंस, गॅलरीत बसून मोठ्याने हसायला लागलीस, माझ्याशी एकदा कडाकडा भांडलीससुद्धा. आणि पुढच्या उन्हाळ्यात तुझं हृदय थांबलं.

हिचंही तसंच झालं. या पावसाळ्यानंतर मी तिला समुद्रावर नेलं. सकाळची वेळ, कोळी जाळी झटकत होते. वाळूतून एक खेकडा तिरपा पळाला आणि ती भुंकली. वर्षभरात तिचा आवाज मी ऐकला नव्हता. ती स्वतःच दचकली, माझ्याकडे बघितलं, आणि पुन्हा भुंकली, शेपूट हलवत. जाळीवरचा म्हातारा हसला. मी वाळूत बसून रडले. नंतर ती रोज भुंकायची, मामींच्या मांजरावर, पेपरवाल्यावर, काही नसलं तरी. जानेवारीत पोंगलचा सण झाल्यावर तिने जेवण सोडलं. डॉक्टरने तिचं पोट चाचपलं आणि डॉक्टरचाच चेहरा उतरला. आत गाठ होती, फुटलेली. शेवटी स्वयंपाकघरात, माझ्या मांडीवर. डॉक्टरने तिला कायमचं झोपवायची सुई भरली, हात वर केला, आणि ती अजिबात दचकली नाही. नुसती डॉक्टरकडे बघत राहिली.

मामी खिचडी घेऊन आल्या. म्हणाल्या, "निदान शेवटी सुख लाभलं तिला." तुझ्या दहाव्यालाही हेच वाक्य कुणीतरी म्हणालं होतं. लोक चांगल्या मनानेच म्हणतात. पण मला ते ऐकवत नाही, आई. शेवटचं थोडंसं सुखाचं गेलं, तर आधीचं सगळं आयुष्य कुणाचं होतं? ती भुंकू शकत होती, तू पाहिजे म्हणू शकत होतीस, हे कळलं नसतं तर मला इतका त्रास झाला नसता. आता कळलं आहे, आणि ते घेऊन मी या घरात फिरते.

हे पत्र मी पाठवणार नाही. तुला माहेराहून आलेलं प्रत्येक पत्र आधी बाबा फोडायचे, वाचायचे, मग तुझ्याकडे टाकायचे. तू जिथे आहेस तिथे तेही असतील. मी साठी ओलांडली, ते जाऊन इतकी वर्षं झाली, आणि हे त्यांच्या हाती पडेल याची मला अजून भीती वाटते.