पाहुण्यांच्या बाटलीतलं पाणी

१२ फेब्रुवारी २०२४, सोमवार

डॉक्टर लोक परत आले. तिसऱ्यांदा. तीच पांढरी गाडी, तेच प्रश्न — उकिडवं बसता येतं का, हनुवटी छातीला टेकते का, मान मागं जाते का. अरे, दोनदा लिहून नेलंत की! टेकत नव्हती ती हनुवटी आता काय शिकून आली का?

चतुराला मान वळवायला सांगितली. आमच्या हिची मान चार वर्षांपासून धरलेली. मागून कुणी हाक मारली की आख्खी वळते, बैलगाडी वळवल्यागत. म्हणाली, "पोरी, पुढं येऊन बोल. मागचं मला दिसत न्हाई." ती तरणी डॉक्टरीण, कल्याणी मॅडम, हसली आणि कागदावरच्या चौकोनात खूण केली. संपलं. चार वर्षांचं दुखणं, एक खूण.

१३ फेब्रुवारी

रक्त नेलं, लघवी नेली. मागच्या दोन खेपांचं काय झालं, विचारलं. "आजोबा, संशोधन चालू आहे." बराबर. तुमचं चालू आहे, आमचे गुडघे बसले.

शेजारच्या दैवशालाची यशश्री आठ वर्षांची आहे. गुडघे आत वळलेत, चालताना एकमेकांवर घासतात. दातांवर तपकिरी पट्टे. तिला शाळेच्या पटांगणात चालायला लावून मोबाईलवर शूटिंग घेतलं. लेकरू खुशीत — "अजून एकदा चालू का?" मला बघवेना. उठून आलो.

जाताना घरोघरी एकेक बाटली देऊन गेले. उद्या सकाळी पिण्याचं पाणी भरून ठेवा म्हणाले.

२० फेब्रुवारी

काही नाही. गुडघ्याला तेल लावलं.

५ मार्च, मंगळवार

निकाल आला. ग्रामपंचायतीत डॉक्टरांच्या मोठ्या साहेबांनी वाचून दाखवला. पाणी बिलकुल चांगलं, हाडं वाकवणारं फ्लोराईड नावापुरतं. मग हाडं कशानं वाकली? तर म्हणे दूध कमी, नात्यात लग्नं, आणि अंगाला ऊन कमी. ऊन कमी! आमच्या जालना जिल्ह्यात! ज्यानं लिहिलं त्याला मे महिन्यात एक दिवस आमच्या कापसाच्या रानात उभा करा.

मी उठलो. म्हणालो, मी सातवी पास माणूस, पण परतूरच्या वाचनालयात बसून या आजाराचं मिळेल ते वाचलंय. दातांवर पट्टे, ताठलेली हाडं, हे पाण्याचंच काम आहे. पंचायतीची टाकी तपासा.

सरपंच रामराव म्हणाला, "आबा, मशीन काय खोटं बोलून राह्यलंय का? तुम्हाला टाकीच दिसती सगळीकडं."

साहेब म्हणाले, पाण्याचं काम इथं थांबवतोय, गाव तपासणीच्या यादीतून काढतोय. जिन्याखाली कल्याणी मॅडमला गाठलं. यशश्रीचं काय, विचारलं. खालच्या आवाजात म्हणाल्या, "मोठ्यांचं फारसं सुधारत नाही, आजोबा. लहान हाडं वाढती असतात. कारण आत्ता सापडलं तर तिला पुष्कळ फरक पडेल. दोन-तीन वर्षांनी सापडून उपयोग नाही."

आणि यादीतून काढतात. जेवण गेलं नाही.

७ मार्च

आज जे कळलं ते लिहायलासुद्धा हात होत नाही.

चतुराला सहज विचारलं, त्या बाटलीत पाणी कुठलं भरलं होतंस? म्हणाली, "जारचं. वाटूरहून मागवला होता की नवा, फिल्टरचा."

"जारचं? आपण पितो का जारचं?"

"आपण कशाला पिऊ. पण डॉक्टर लोक नेणार, त्यांना काय हे असलं पाणी द्यायचं का? चारचौघांत लाज न्हाई का जायची?"

तसाच उठलो, काठी घेतली, घरोघर फिरलो. चाळीस बाटल्यांपैकी एकतीस जारच्या. पाहुण्याला जे देतात तेच भरलं सगळ्यांनी. गल्लीतल्या वंदनानं तर उकळून, फडक्यानं गाळून भरलं. वर मलाच विचारती, "का आबा, गढूळ आलं का?"

मोठे शिकलेले लोक! पाणी कुठून आलं, एकानं विचारलं नाही. आणि मी? चतुरा बाटली भरत होती तेव्हा मी ओसरीवर बसून होतो. म्हणालो होतो, आधी साबणानं धू नीट, गावाची इज्जत आहे.

९ मार्च

मॅडमला फोन केला. मनात चार शिव्या तयार होत्या. सगळं ऐकून घेतलं तिनं. मग म्हणाली, "चूक माझी आहे, आजोबा. बाटल्या मी वाटल्या. भरताना मी तिथं असायला पाहिजे होतं." शिव्या तशाच राहिल्या.

गाव कुठकुठलं पाणी पितं, तिनं विचारलं. तीन ठिकाणचं, सांगितलं. देवळामागचा जुना आड, पंचायतीची टाकी, आणि आमच्या गल्लीपुरता माझा बोर. दोन हजार तेराच्या दुष्काळात चारशे फुटांवर लागला. अंगणात तोटी काढून दिली, अकरा घरं भरतात, कधी कुणाला नाही म्हटलं नाही. म्हणालो, आधी टाकी घ्या, माझा बोर शेवटी घेतला तरी चालेल.

१२ मार्च

मॅडम एकटीच आली, एसटीनं. तिन्ही ठिकाणी स्वतःच्या हातानं भरलं. चतुरानं चहा ठेवला — जारच्या पाण्याचा! मॅडम म्हणाली, "आजी, आता तरी सुधरा."

२१ मार्च, गुरुवार

फोन आला. दीडच्या वर फ्लोराईड नको असतं. आडाचं शून्य पॉइंट सहा. टाकीचं एक पॉइंट एक.

माझ्या बोरचं चार पॉइंट आठ.

दोनदा विचारलं. दोनदा तेच सांगितलं.

यशश्री आठ वर्षांची. तिला दुसरं पाणी माहीतच नाही.

२२ मार्च

सकाळी दैवशाला तोटीवर आली तेव्हा सांगितलं. तिनं भरलेली घागर तिथंच, माझ्या पायाशी, उपडी केली. रिकामीच उचलली आणि आडाकडं चालू लागली.